रोगाचं दही

माझ्या नोकरीचं नाव माझ्या सासूनं ठेवलं. तोवर मला ते कुणाला धड सांगता येत नव्हतं. लॅबमध्ये आहे म्हटलं तर माहेरी गावभर झालं की पोरगी रक्त तपासते, आणि मी सुट्टीला गेले की म्हातारी माणसं बाही वर करून दारात उभी. नाही हो, मी कोंबड्यांचं खाद्य तपासते, पेंड, खवा, मसाला तपासते, त्यात जंतू आहेत का ते बघते, असं सांगितलं की ठरलेला प्रश्न यायचा: ते खाऊन बघावं लागतं का?

खाऊन कशाला बघू? नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं आहेत, त्यांच्याच गर्दीत एका मजल्यावर आमची लॅब आहे. नमुना आणायचा, त्यातला थोडा जंतूंना मानवेल अशा पाण्यात घालायचा आणि उबदार पेटीत रात्रभर ठेवायचा. त्यात एकटादुकटा जंतू असला तरी रातोरात तो लेकुरवाळा होतो. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर माल चांगला, दोन उमटल्या तर जंतू आहे. पूर्वी ह्याच कामाला आठवडा जायचा, तोवर तो माल खाऊन कोंबड्या मेलेल्या असायच्या. आता दुसऱ्या दिवशी कळतं. दोन रेघांवरून लॅबमध्ये जे चावट बोलणं चालतं ते मी इथं सांगत नाही, लग्न झालेल्या बायकांना कळलंच असेल.

नमुने आणायला माझ्या खांद्याला एक निळा थंड डबा असतो. तो मांडीवर घेऊन घनसावंगीच्या जीपमध्ये बसलं की करमणुकीला तोटा नाही. कुणी कुल्फी कितीला विचारतं. एकदा एका आजोबांनी तर नातवाचे गाल दाबून त्याचं तोंड माझ्यापुढं उघडून धरलं आणि म्हणाले, द्या बाई डोस, पुन्हा कुठं भेटता तुम्ही. पोरगं रडून राहिलं, मी ओरडून राहिले, आणि अख्खी जीप मलाच समजावत होती की सरकारी बाईनं एवढं तापू नये.

मी तापते, हे खरं आहे. पण आमच्या घरात माझा नंबर दुसरा. पहिला माझ्या सासूचा.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. त्या घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अलीकडल्या एका गावात राहतात. घराणं मूळचं मेंढरांमागं हिंडणारं. मेंढरं गेली, तुकडाभर जमीन आली, आणि जुन्या दिवसांची खूण म्हणून शेळ्या राहिल्या. सासरे वारल्यावर त्या घरात उरल्या आत्याबाई, शेळ्या आणि आत्याबाईंचं तोंड. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या तरी समोरच्याला आपलं काय चुकलं ते दिवसभर आठवत बसावं लागतं. मीही काही मिठाची गुळणी धरून बसणारी नाही. त्यामुळं आमचं नातं फार चांगलं होतं, म्हणजे त्या घनसावंगीकडं आणि मी जालन्यात असेपर्यंत.

त्यांच्या भिंतीला भिंत लावून एक मुसलमान शेजारीण राहते, तिला सगळं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणतं. तिच्या कोंबड्या आणि आत्याबाईंच्या शेळ्या एकाच अंगणात भांडतात, दोघी मात्र कधी भांडत नाहीत, कारण खाला सगळं ऐकून घेते आणि मग आपल्याला पाहिजे तेच करते. ह्या दोघींनी मिळून कोंबड्यांचं खाद्य बनवायला घेतलं. मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, तांदळाची कणी, मीठ, खनिजांची पूड, असं सगळं कालवून. आधी खालाच्या कोंबड्यांनी खाल्लं, मग आळीतल्या. कोंबड्या अशा टुणटुणीत झाल्या की जालन्याच्या वाटेवरचा एक पोल्ट्रीवाला स्वतः चौकशीला आला. त्याची एकदा खराब खाद्यानं पिलं मेली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पिणार. तो म्हणाला, माल कायमचा घेतो, पण आधी लॅबचा रिपोर्ट पाहिजे.

आता ह्यात माझं काय अडकलं होतं ते सांगते. सासरे गेल्यापासून माझ्या नवऱ्यानं आईच्या मागं धोशा लावला होता की शेळ्या विक आणि आमच्याकडं जालन्याला चल, एकटी किती दिवस राहणार. पोरगा म्हणून त्याचं बराबर होतं. आत्याबाईंना दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात राहणं म्हणजे कोंबडी खुराड्यात घातल्यासारखं वाटायचं. शेवटी त्यांनीच बोली केली. खाद्याचं काम लागलं तर मी इथंच. नाही लागलं तर शेळ्या विकते, ट्रंक भरते आणि येते.

मागं एकदा त्या आठवडाभर आमच्याकडं राहिल्या होत्या. त्या आठवड्यात त्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणं लावले, म्हणजे नेमकं मीठ मागं गेलं. फ्रिज दिवसभर राबतो म्हणून रोज झोपायच्या आधी त्याला विश्रांती द्यायच्या, बटण बंद करून. आणि शेजारणीला सांगितलं की आमची सून मायाळू आहे, सूर्याला सुद्धा तिला उठवायचं जिवावर येतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि आमचा ओटा तर म्यानाहून लहान. तेव्हा त्यांचं खाद्य पास व्हावं म्हणून जगात आत्याबाईंनंतर कुणी देव पाण्यात घालून बसलं असेल तर ती मी.

आणि नमुना आणायला साहेबांनी मलाच पाठवलं. मी सांगितलं की ती माझी सासू आहे. साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग पत्ता चुकायची भीती नाही. नमुन्याला नुसता नंबर टाकायचा आणि पट्टी दुसऱ्या मुलीनं लावायची, असं ठरलं. मी आदल्या दिवशी फोन करून आत्याबाईंना सांगितलं की उद्या येते. सगळा घोटाळा त्या फोननं केला.

गेले तर अंगणात सडा, सड्यावर रांगोळी. खाद्य ठेवायचं पत्र्याचं शेड शेणानं असं सारवलेलं की बोटांच्या कमानी एकीला एक लागून, कुठं तसूभर जागा सुटलेली नाही. पोती भिंतीशी ओळीनं उभी, प्रत्येकावर हळदीकुंकू. खाला इस्त्रीची ओढणी घेऊन उभी होती. आणि मला आजवर 'आली का' असं विचारणारी माझी सासू म्हणाली, "या. बसा."

मी खुर्चीवर बसले. लग्नात सुद्धा मला इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं. गूळपाणी झालं. सारवणाचा वास नाकात शिरला आणि बरं वाटलं. माझी डिग्री कुठलीही असो, ओल्या सारवणाचा वास आला की माझ्या डोक्यात एकच शब्द येतो, स्वच्छ. तो शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले, जंतू पुष्कळ नंतर आले.

मग मी हातमोजे घातले. पोत्यात खुपसायची लोखंडी पोकळ परखी असते, ती स्पिरिटनं पुसली आणि पोत्यापोत्यातून नमुना काढला. हातमोजे बघून आत्याबाईंचा चेहरा उतरला. खालाला हळूच म्हणाल्या की आपल्या मालाला हात लावायला हिला मोजे लागून राह्यले. मी नियम समजावून सांगितला. बरं, म्हणाल्या. निघताना त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं, परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या हातावर ठेवतात तसं. मी ते चाटून डबा खांद्याला लावला. जीपमध्ये मी इतकी खुशीत होते की कुल्फी विचारणाऱ्यालाही नीट उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर दोन रेघा आल्या.

पट्टी लावणाऱ्या मुलीला बिचारीला नंबर कुणाचा ते ठाऊक नव्हतं. ती हसत म्हणाली, ह्या घरी पेढे वाटायला पाहिजेत. मी तिच्यावर अशी भडकले की ती आजही मला वचकून असते. साहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा दोन. साधा जंतूही नव्हे, जनावरांच्या आतड्यातून बाहेर पडणारा, कोंबडीच्या पिलांना पायावर उभं राहू न देणारा. मी सामानाच्या खोलीत जाऊन रडले. सासू घरी येणार म्हणून रडणाऱ्या सुना पुष्कळ असतील, मी मात्र त्यांच्या सारवलेल्या शेडसाठी रडत होते, आणि ह्याचाही मला राग येत होता.

फोन मीच केला. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त बरं म्हणाल्या.

गावात लगेच झालं की सुनेनं मुद्दाम रिपोर्ट फिरवला. माझ्या बाजूनं एकटी खाला उभी राहिली. पाण्याच्या नळावर सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "कौनसी बहू सास कू घर लाने के वास्ते झूट बोलती? कुछ तो अकल लगाव." माझ्या प्रामाणिकपणाचा इतका पक्का पुरावा मला स्वतःलाही सुचला नसता.

नवरा जाऊन आईला घेऊन आला. शेळ्या खालाच्या हवाली केल्या होत्या, पुढच्या महिन्यात आष्टीच्या बाजाराला नेऊन विकायच्या असं ठरवून. हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक आमच्या हॉलमध्ये आली. टीव्हीच्या खाली जागा होती, पण आत्याबाईंनी ती मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसल्या. सोफ्यावर त्या एकदाही बसल्या नाहीत.

त्यांनी भांडण काढलं असतं तर मला सोसलं असतं. त्या गप्प बसल्या. मिठाचा डबा जिथल्या तिथं राहिला, फ्रिज रात्रभर चालू राहिला. मला झोप येईना. दुपारी खाला व्हिडिओ कॉल लावायची तेवढ्यापुरतं त्यांना तोंड फुटायचं. खालाला फोन नीट धरता येत नसे, त्यामुळं पडद्यावर नुसता शेळीचा एक कान यायचा. त्या कानाला आत्याबाई विचारायच्या, पाला खाल्ला का, ती दुसरी मारून राह्यली का तुला. एकदा मी ऑफिसातून लवकर आले तर त्या फोनवर कुणाला तरी झापत होत्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मी दारातच उभी राहून ऐकलं. शेळीलाच झापत होत्या.

असंच एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की तुम्ही माझ्या खाद्याचं केलं तरी काय. मी सांगायला बसले. कोमट पाणी, ऊब, रात्रभर ठेवणं, थोड्याचं पुष्कळ होणं. त्या मन लावून ऐकत होत्या.

"म्हंजे तुम्ही रोगाचं दही लावता," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी लोकांना जंतू, वाढ, तपासणी सांगत बसले होते, आणि हे त्यांना एका दमात जमलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सांगितलं तर साहेब सुद्धा हसले. तेव्हापासून आमच्याकडं सकाळी एकमेकांना दही लागलं का असंच विचारतात.

पण आष्टीचा बाजार जवळ येत होता, आणि रोगाचं विरजण त्या खाद्यात कुठून पडलं ते कळत नव्हतं. खालाच्या कोंबड्यांवर माझा संशय होता. आत्याबाई म्हणाल्या, कोंबडी शेडात बिलकुल येत नाही, दाराला जाळी आहे. उंदीर? उंदरासाठी मांजर आहे. मग मांजर? ह्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय सोडला.

मग एका सकाळी खालच्या मजल्यावरचे मास्तर आमची बेल वाजवून पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, रुसले की काय. तर त्यांची पांढरी पँट दाखवत होते. पँटच्या बैठकीवर हिरवट गोल डाग. त्यांची स्कूटर जिन्याखाली असते. वरून थेंब थेंब पडून सीट ओली झाली होती, हे ध्यानात यायच्या आत मास्तर शाळेत जाऊन, प्रार्थनेला उभे राहून, पोरांचं हसू ऐकून परत आले होते. मी खाली बघितलं. आमच्या दारापुढं, फरशीवर, शेणाचा सडा. त्यावर छोटी रांगोळी.

स्टेशनच्या मागं एक गोठा आहे, तो आत्याबाईंनी शोधून काढला होता. पहाटे पिशवी घेऊन जाऊन शेण आणलं होतं. दाराला सडा नाही म्हणजे घरात कुणी मेलंय का, असं त्यांचं म्हणणं.

मास्तरांची माफी मागितली, पँट धुऊन द्यायची कबूल केली, दार लावलं आणि मी सुटले. मनात साठलेलं सगळं त्या सड्याच्या निमित्तानं बाहेर पडलं. माझ्या दारात शेण, आणि मी जंतू तपासणारी बाई, लोक काय म्हणतील. शेणात काय असतं ठाऊक आहे का तुम्हाला? तुमच्या खाद्यात निघाला ना, तोच जंतू शेणात असतो. जनावर चांगलं धडधाकट दिसतं आणि त्याच्या शेणातून हा बाहेर पडतो.

मला वाटलं आता माझी खैर नाही. पण आत्याबाई ट्रंकेवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शेणात असतो?"

मी म्हटलं, असतो.

"मंग शेडात सारवलं त्याचं काय?"

शेड सारवलेलं मी बघितलंच होतं, पण पोती तर शिवलेली होती. खाद्य पोत्यात आणि शेण जमिनीवर, लागणार कसं? तेव्हा त्यांनी सांगितलं. माझा फोन आल्यावर दोघींनी रातोरात शेड सारवलं. मग पोत्यात कुठं काडी, कुठं धस असेल म्हणून सगळी पोती त्या ओल्या सारवणावर ओतली, चाळली, निवडली आणि परत भरून शिवली. माझ्या हाती निवडलेला, स्वच्छ माल लागावा म्हणून.

मी डोकं धरून खाली बसले. कशाला पण, आत्याबाई? कुणी सांगितलं होतं ओतायला?

त्यांचा आवाज चढला, आणि खरं सांगते, तो चढलेला ऐकून मला हायसं वाटलं. "कशाला म्हंजे? पहिल्यांदा सून माझं काम बघायला येऊन राह्यली. तिला तसंच धुरळ्यात बसवू का मी?"

त्या मन लावून काढलेल्या कमानी, प्रत्येक पोत्यावरचं हळदीकुंकू, ती इस्त्रीची ओढणी, ते 'या, बसा'. माझ्यासाठी ह्या बाईनं कधी काही केलं नाही असं मी नवऱ्याला ऐन भांडणात ऐकवायचे. तिनं केलं होतं, आणि त्यापायी तिचं घर आणि शेळ्या जायची वेळ आली होती. मी आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम व्हायला लागलं तेव्हा त्या उठून पाणी घेऊन आल्या.

थोड्या वेळानं म्हणाल्या, एवढंसं लागलं तरी होतं का. मी म्हटलं, एवढंसं विरजण पुरतं, आत्याबाई, तुम्हीच सांगितलं ना. त्या म्हणाल्या, हां, बराबर.

पोल्ट्रीवाल्याला त्यांनी स्वतः फोन लावला. काहीही झाकून न ठेवता सांगितलं की असं असं सारवलं होतं. तो पलीकडं इतका हसला की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. त्याच्या आईनंही पोल्ट्रीच्या उद्घाटनाला पिलांची खोली सारवली होती म्हणे, त्याला ती घासून काढायला दिवस लागला होता. अजून एकदा रिपोर्ट आणा, तो म्हणाला, पण हा शेवटचा.

आत्याबाई गावाकडं निघाल्या. जाताना ट्रंक नेली नाही. म्हणाल्या, राहू दे, नापास झालं तर परत येनंच आहे, कशाला दोनदा वाहायची. जुनी पोती उकिरड्यात गेली. शेडची जमीन खरवडून काढली, वर नवी ताडपत्री आली, आणि दोघींनी नव्यानं खाद्य कालवलं. हे सगळं मला खालाकडून फोनवर कळत होतं, कारण आत्याबाईंना तेवढा वेळ नव्हता.

ह्या खेपेला साहेबांनी मला बजावलं की फोन करायचा नाही. न सांगता मी गेले. खालानं मला दारातच अडवलं आणि पाय धुवायला लावले, चप्पल जाळीच्या बाहेर. आत शेड कोरडं, ओकंबोकं. हळदीकुंकू नाही, काही नाही. आत्याबाई डोक्याला फडकं बांधून पोतं शिवत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा पडला. सांगून यायला काय झालं, म्हणाल्या, घरात दूध सुद्धा न्हाई. नमुना काढून होईपर्यंत त्या दाराशीच उभ्या होत्या, आणि निघताना मी सवयीनं हात पुढं केला तर म्हणाल्या, दही ठेवत न्हाई, मागं ठेवलं तर काय झालं बघितलं ना.

तो दिवस आणि ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. ट्रंक हॉलमध्ये मधोमध होती. मी तिच्याभोवती वळसा घालून जायची, नवरा तिच्यावर बसून चहा प्यायचा. त्याला कळेना काय मागावं. आई यावी असं वाटायचं आणि आईच्या शेळ्या राहाव्यात असंही वाटायचं. मला मात्र तोवर पक्कं कळलं होतं. ओट्याची भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त मला ती बाई तिच्या अंगणात, तिच्या तोंडासकट, हवी होती.

सकाळी पट्टी लावायच्या वेळी मी बाहेरच्या पॅसेजमध्ये काचेतून बघत उभी राहिले. त्या मुलीला आता सगळं ठाऊक होतं, त्यामुळं तिनं पट्टी बुडवायच्या आधी नंबर दोनदा वाचून बघितला. एक रेघ आली. दुसरीची वाट जेवढा वेळ बघायची असते तेवढी बघितली. वर आणखी बघितली. आली नाही.

आत्याबाईंना फोन केला. बरं, म्हणाल्या. मग बराच वेळ नुसता शेळ्यांचा आवाज येत राहिला. फोन चालूच होता, त्या उठून खालाला सांगायला गेल्या होत्या.

पोल्ट्रीवाल्याचा टेम्पो जायला लागला. आष्टीचा बाजार झाला, शेळ्या गेल्या नाहीत. ट्रंक मात्र आमच्या हॉलमध्येच राहिली. न्यायला हवी असं मी, नवरा आणि फोनवर आत्याबाई, तिघंही म्हणायचो, आणि कुणी उचलत नव्हतं. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

आता दर थोड्या दिवसांनी त्यांचा नमुना आणावा लागतो, आणि नियम म्हणून न सांगताच जावं लागतं. अशाच एका खेपेला मी ट्रंक जीपच्या टपावर टाकली, डबा मांडीवर घेतला आणि गेले. नवऱ्याला सुद्धा ऐन निघतानाच सांगितलं. दुपारची वेळ होती. शेड कोरडं होतं, जाळी लागलेली होती, सगळं नियमानं. नमुना काढला, डब्यात घातला. मग ट्रंक घेऊन घराकडं वळले तर अंगणात सडा, दारात रांगोळी, आणि आतली जमीन ताजी सारवलेली. कमानीला कमान लागलेली.

मी खालाकडं बघितलं. तिनं कानाला हात लावला, मैं कुछ नहीं बोली. कुणीच कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. मी आत्याबाईंना विचारलं, आज कोण येणार आहे?

"कुनी न्हाई. रोजच सारवते," त्या म्हणाल्या. ट्रंकेचं एक कडं त्यांनी धरलं. "लॅबवाली न सांगता येती, म्हणून शेड कोरडं ठिवते. पर सून बी न सांगताच येती ना."

मी दुसरं कडं धरलं. उंबऱ्याशी त्या थांबल्या आणि माझ्या खांद्यावरच्या डब्याकडं बघून म्हणाल्या, तो बाहेर ठेव, घरात तुझी पट्टी लावायची न्हाई. मी डबा बाहेर ठेवला.